मैदानातला डाव आणि त्याची घडण

हौशी खेळाडूंच्या स्पर्धांमध्ये निकाल लवकर विसरला जातो आणि एखादी खेळी मात्र वर्षानुवर्षे सांगितली जाते. कॅनडातील शहरांत नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी चेंडू-हॉकीच्या लीगमध्ये उतरणाऱ्या प्रौढांविषयी हे जितके खरे आहे, तितकेच ते कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेच्या नावाने खेळणाऱ्या फुटबॉलपटूंविषयीही खरे आहे. या फुटबॉल संघांची नावे पाहिली, तर पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ अशी त्यांतली पुष्कळशी कुस्तीच्या घरातली निघतात, कारण या शहरात चेंडूचा खेळ ज्या मंडळांच्या आश्रयाने वाढला ती मंडळे मुळात पैलवानांची होती. शहरापासून दक्षिणेला, कागल तालुक्यात वेदगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या मुरगूडच्या परिसरात मात्र चेंडूने कुस्तीची जागा घेतलेली नाही. येथे स्मरणात राहणारी खेळी म्हणजे डाव, आणि तो पाहण्याची जागा म्हणजे यात्रेतले कुस्ती मैदान.

डावाचे श्रेय सहसा पैलवानाला आणि त्याच्या वस्तादाला, म्हणजे तालमीतल्या गुरूला, दिले जाते. ते योग्यच असले, तरी अपुरे आहे. कोणता डाव लागतो, कोणता फसतो आणि कोणता देखणा ठरतो, हे पैलवानाइतकेच पायाखालची माती, कुस्तीला दिलेला वेळ आणि निकालाचा नियम यांवर अवलंबून असते. हे तीन घटक बदलले, की त्याच ताकदीचा आणि त्याच तालमीचा मल्ल वेगळे डाव मारू लागतो. मुरगूडमध्ये हा फरक विशेष स्पष्ट दिसतो, कारण आसपासच्या गावांत यात्रेची तांबडी माती टिकून आहे आणि गावातच सदाशिवराव मंडलिक यांच्या नावाचे कुस्ती संकुल गादीवरच्या, म्हणजे मॅटवरच्या, कुस्तीसाठी राज्यात ओळखले जाते.

या भागातल्या कुस्तीमागे राजाश्रयाचा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यातला. त्यांचे धाकटे बंधू पिराजीराव घाटगे कागलच्या जहागिरीचे अधिपती होते आणि मुरगूडचा सर पिराजीराव तलाव आजही त्यांचे नाव सांगतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले खासबाग मैदान 1912 मध्ये पूर्ण झाले. मधोमध आखाडा आणि सभोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना आहे, त्यामुळे मागच्या रांगेतल्या माणसालाही पुढच्याच्या डोक्याआड न जाता मल्लांचे पाय दिसतात. पायांचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे, कारण डावाची सुरुवात बहुधा पायांत होते आणि ज्याला पाय दिसत नाहीत त्याला केवळ निकाल कळतो. गावोगावच्या मैदानांना असे बांधकाम लाभलेले नाही. तेथे ओढ्याकाठचा उतार, शाळेची भिंत किंवा उसाच्या ट्रॉल्या हीच गॅलरी असते.

मैदानाचे संघटन लीगपेक्षा सर्वस्वी वेगळे असते. येथे गुणतक्ता नसतो, संघ नसतात आणि पुढच्या फेरीत जाणेही नसते. प्रत्येक कुस्ती स्वतंत्र असते आणि तिचे इनाम आधी किंवा ऐनवेळी ठरते. लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर सुरू होतात, त्यानंतर इनामाची रक्कम वाढत जाते आणि दिवस कलताना पहिल्या क्रमांकाची जोड आत येते. जोड लावणे, म्हणजे तुल्यबळ प्रतिस्पर्धी नेमणे, हे यात्रा समितीतल्या जाणत्यांचे काम असून ते पुष्कळदा वजनकाट्याशिवाय, नजरेच्या अंदाजानेच केले जाते. हा अंदाज चुकला तर कुस्ती क्षणात संपते किंवा रेंगाळते, आणि प्रेक्षक त्याचा दोष मल्लांना न देता समितीला देतात. हलगीचा कडकडाट, निवेदकाची अखंड वाणी आणि आखाड्याभोवती फेरी मारून शड्डू ठोकणारे मल्ल यांचे वर्णन अनेकांनी केले आहे, म्हणून ते येथे लांबवण्याचे कारण नाही. यातले थोडे पैलवान पूर्णवेळ कुस्तीवर जगतात, बाकीचे शेती करणारे, कॉलेजात शिकणारे किंवा लष्कर आणि पोलीस भरतीची वाट पाहणारे तरुण असतात. त्या अर्थाने मैदान हे हौशी प्रौढांचेच व्यासपीठ आहे.

डाव घडवणारा पहिला घटक मातीचा. आखाड्याला हौद असेही म्हणतात. त्यातली तांबडी माती बारीक करून तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर असे पदार्थ मिसळले जातात. अशा मातीत पाय रुततो, त्यामुळे दुरून झेप घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या पायाशी शिरणे अवघड होते. एक पाय पकडण्याला एकेरी पट आणि दोन्ही पाय पकडण्याला दुहेरी पट म्हणतात, आणि हे दोन्ही डाव मातीतही लागतात; पण तेथे त्यांना आधी जवळीक साधावी लागते. म्हणून मातीतली कुस्ती खडाखडीने सुरू होते, म्हणजे दोघे मल्ल एकमेकांच्या मानेवर, मनगटावर आणि कोपरावर हात टाकून, ढकलून, ओढून ताकदीचा आणि तोलाचा अंदाज घेतात. नवख्या प्रेक्षकाला हा भाग कंटाळवाणा वाटतो, जाणकार मात्र याच वेळी निकालाचा अंदाज बांधतात. प्रतिस्पर्धी ढकलण्याला उत्तर म्हणून पुढे रेटू लागला, की त्याचा तोल पुढे येतो. त्याचा हात खांद्यावरून ओढून घेत त्याला पाठीवरून समोर आपटण्याचा धोबीपछाड किंवा त्याच्या बगलेखाली शिरून त्याला खांद्यांवर आडवे उचलण्याचा कलाजंग याच क्षणी लागतो. मैदानावर वर्षानुवर्षे ज्यांची चर्चा होते ते डाव बहुधा याच जातीचे असतात, कारण त्यांत प्रतिस्पर्ध्याचेच बळ त्याच्यावर उलटते आणि माती ते पडणे झेलून घेत असल्याने मल्ल जीव तोडून आपटायला कचरत नाही.

दुसरा घटक वेळेचा. मैदानातली मोठी कुस्ती निकाली लावण्याकडे कल असतो. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत ती चालावी, अशी प्रेक्षकांची अपेक्षा असते, आणि बराच वेळ निकाल लागला नाही तरच ती गुणांवर नेली जाते किंवा बरोबरीत सोडवली जाते. बचाव करणारा मल्ल अशा कुस्तीत पालथा पडून राहतो आणि वरचा मल्ल त्याच्यावर कब्जा घेतो, म्हणजे मागून पकड घेऊन त्याला खाली दाबून ठेवतो. गादीवर अशी स्थिती काही काळ पुढे सरकली नाही, तर पंच दोघांना उभे करतो. मातीत मात्र ती लांबू शकते, आणि याच अवकाशात खालच्या कुस्तीचे सारे शास्त्र वाढले आहे. कब्जातल्या मल्लाला ओढत, घासत उलटवून पाठीवर आणण्याचा घिस्सा, त्याच्या पाठीवर स्वार होऊन पायांनी त्याला जखडण्याची सवारी, गुडघ्याच्या दाबाने त्याला जेरबंद करणारा घुटना आणि मान व पाय एकत्र आवळून गाठोडे करणारी मोळी हे डाव वेळ मुबलक असतानाच बहरतात. त्यातही घिस्स्याचा उल्लेख यात्रेच्या मैदानांच्या बातम्यांत वारंवार येतो.

प्रत्येक डावाला तोड असते. तोड म्हणजे तो डाव निष्फळ करणारी हालचाल, आणि तालमीत ती डावाइतक्याच काटेकोरपणे शिकवली जाते. जोर, बैठका आणि जोडीदाराबरोबरची लढत यांतून अंगात मुरलेला मल्ल डाव लागण्याआधी त्याची चाहूल ओळखतो. त्यामुळे दोन तयार मल्लांच्या कुस्तीत साधा, एकटा डाव सहसा यशस्वी होत नाही; एका डावाची हुलकावणी देऊन, प्रतिस्पर्ध्याला त्याची तोड करायला लावून, त्या तोडीमुळे उघड्या पडलेल्या बाजूवर दुसरा डाव मारावा लागतो. पट काढण्याचे नाटक करून मान खाली आणायला लावणे आणि मानेवर पकड बसताच ढाक टाकणे, हे याचे उत्तम उदाहरण होय. ढाक म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे डोके आणि हात बगलेत आवळून, अंग फिरवून त्याला जमिनीवर फेकणे. हा डाव दिसायला एका झटक्याचा असतो. पण त्याच्या तयारीत आधीची सारी खडाखडी जमा झालेली असते.

ढाकेचा उल्लेख आला की खाशाबा जाधव यांचे नाव टाळता येत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले, आणि ढाकेवर त्यांचे प्रभुत्व होते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम हे दोन्ही नवे होते. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. त्यांच्या यशाचे विवेचन करताना जिद्द आणि गरिबी यांवर भर दिला जातो. परंतु मातीतला डाव गादीच्या नियमांत बसवण्यासाठी त्यांनी मधल्या चार वर्षांत काय केले, हा प्रश्न कुस्तीच्या अभ्यासकाला अधिक मोलाचा वाटला पाहिजे.

तिसरा घटक निकालाच्या नियमाचा, आणि त्या बाबतीत गादीवर सर्व गणित बदलते. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळात तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या होतात. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवल्यास दोन गुण, उभ्या स्थितीतून थेट धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ जमिनीकडे वळलेल्या अवस्थेत, फेकल्यास चार आणि मोठ्या उंचीवरून फेकल्यास पाच गुण मिळतात. वर्तुळाबाहेर गेल्यास समोरच्याला एक गुण जातो आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती तेथेच संपते. साहजिकच, पाठ लावण्याची चिकाटी धरण्यापेक्षा झटपट पट काढून दोन गुण घेणे आणि लगेच भारंदाज लावणे अधिक फायद्याचे ठरते. भारंदाजात पालथ्या मल्लाच्या कमरेला मिठी मारून त्याला लोळवले जाते आणि प्रत्येक लोळणीला दोन गुण पडतात. मातीतला संथ, दीर्घ डाव येथे मागे पडतो आणि पायांची चपळाई पुढे येते.

मुरगूडच्या संकुलाने या बदलाला दिलेला प्रतिसाद उल्लेखनीय आहे. स्वाती शिंदे आणि नंदिनी साळोखे यांच्यासारख्या मल्ल येथे घडल्या, आणि त्यामुळे ग्रामीण भागातल्या मुलींच्या कुस्तीशी या गावाचे नाव जोडले गेले. महिलांच्या स्पर्धात्मक कुस्तीची जडणघडण प्रामुख्याने गादीवर झाली असल्याने या मुलींच्या खेळात पट, भारंदाज आणि कडेला रेटून गुण घेणे यांचे प्रमाण जास्त दिसते. यात्रेच्या मैदानात मुलींची कुस्ती लागली की हलगी तीच असते, माती तीच असते. पण डाव वेगळे पडतात, आणि जुन्या प्रेक्षकांची अपेक्षा आणि नव्या मल्लांची सवय यांतला हा फरक पाहण्यासारखा असतो. गादीमुळे कुस्ती बिघडली, ही तक्रार या भागात वारंवार ऐकू येते. ती ग्राह्य धरण्याजोगी नाही. गादीने काही डाव दुर्मीळ केले हे मान्य करावे लागते. पण मुलींना तालमीचे दार उघडले तेही मुख्यतः गादीनेच.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी हे दोन विभाग स्वतंत्र लढवले जातात आणि त्यांचे विजेते किताबासाठी भिडतात, त्यामुळे दोन्ही शास्त्रांची गाठ तेथे जाहीरपणे पडते. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात झालेल्या स्पर्धेत माती विभागात महेंद्र गायकवाड याने सिकंदर शेखवर टाकलेल्या बाहेरच्या टांगेला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायाला बाहेरून पाय अडकवून पाडण्याच्या डावाला, चार गुण मिळाले. सिकंदर खरोखर धोक्याच्या स्थितीत गेला होता की नाही, म्हणजे गुण चार हवेत की दोन, यावर राज्यभर वाद झाला. डाव सर्वांनी पाहिला होता, चित्रफीत पुन्हा पुन्हा फिरली होती, तरी एकमत झाले नाही. पाठ लागली की नाही एवढाच प्रश्न विचारणाऱ्या जुन्या मैदानात हा वाद उद्भवलाच नसता. एकाच डावाची किंमत किती, हा प्रश्न गुणांच्या नियमाने निर्माण केला आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये किताबाच्या लढतीत कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत तयार झालेल्या सिकंदरने शिवराज राक्षेला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केले, आणि त्या निकालाबद्दल कोणाला शंका घेण्यास जागाच उरली नाही.

अशा राज्यस्तरीय लढतींची नोंद राहते, गावच्या मैदानाची राहत नाही. यात्रा समितीच्या पत्रकात इनामाचे आकडे, देणगीदारांची नावे आणि मानकऱ्यांची यादी ठळक असते, तर विजयाचा डाव फार तर दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एका शब्दाने येतो. कोणत्या गावात कोणते डाव अधिक लागत, माती बदलल्यावर किंवा वेळेची मर्यादा आल्यावर त्यांत काय फरक पडला, याचा अभ्यास करू पाहणाऱ्याला जुन्या पैलवानांच्या आठवणींशिवाय आधार मिळत नाही. हे भरून काढणे खर्चिक नाही. कागल तालुक्यातल्या यात्रा समित्यांनी आणि तालमींनी प्रत्येक कुस्तीच्या इनामासमोर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कुस्ती किती वेळ चालली, निकाल कोणत्या डावावर लागला आणि त्या डावाची तोड का झाली नाही.