ग्रंथपालाची विद्या : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव अशा गावी वाचनालयाच्या मेजामागे बसणाऱ्या गृहस्थाला लोक मान देत नाहीत असे नाही. परंतु हा मान नेमक्या कोणत्या ज्ञानाबद्दल द्यावयाचा, याविषयी सुशिक्षितांतही जे समज रूढ आहेत, ते एकदा तपासून पाहणे इष्ट ठरेल.

गैरसमज : पुस्तकांची देवघेव आणि तिची नोंद एवढेच हे काम, ते कोणाही साक्षरास जमेल.

वस्तुस्थिती : देवघेव हा या कामाचा केवळ दर्शनी भाग होय. मेल्व्हिल ड्युई यांनी 1876 साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे सतत विस्तारत गेलेल्या दशांश वर्गीकरणात टोमॅटोच्या लागवडीस 635.642 हा अंक आहे, तर पिकांवरील रोग व किडी यांचा सर्वसाधारण विचार 632 या अंकाखाली येतो. म्हणून करप्यावर इलाज शोधीत आलेल्या नारायणगावच्या शेतकऱ्यास एकाच कपाटापाशी सोडून न देता दोन्हीकडे नेणे, हे ज्याला सुचते तो जाणकार.

गैरसमज : ज्याचे वाचन अफाट, तो आपोआप उत्तम ग्रंथपाल.

वस्तुस्थिती : वाचन हवेच, पण शोधण्याची विद्या निराळी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याविषयीचा अठरावा खंड 1885 साली निघाला, त्या काळी आंबेगाव हा स्वतंत्र तालुका नसून खेड तालुक्यात मोडणारा पेठा होता. तेव्हा आजच्या तालुक्याच्या नावाने पाने चाळणारा बहुश्रुत वाचकही निराश होऊन उठेल, आणि मुलकी विभागणी कालपरत्वे बदलते हे ध्यानी ठेवणारा ग्रंथपाल मात्र त्याला खेडचा मजकूर काढून देईल.

गैरसमज : पदविका मिळाली की व्यावसायिकता आली.

वस्तुस्थिती : शिक्षण आवश्यकच आहे, आणि महाराज सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना पाचारण करून पुढच्याच वर्षी बडोद्यास ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला तो याच जाणिवेने. तथापि कोणी काय वाचले याची वाच्यता न करणे, खरेदीत स्वतःच्या आवडीनिवडीस थारा न देणे आणि, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 साली सूत्ररूपाने सांगितल्याप्रमाणे, वाचकाचा वेळ वाचविणे, हे नित्याच्या आचरणानेच अंगी बाणते.

गैरसमज : आता सारे मोबाइलवर मिळते, ग्रंथपाल कशाला?

वस्तुस्थिती : इनाम, वतन वा गावच्या जुन्या महसुलाचा शोध घेणाऱ्यास अखेर पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे मोडी लिपीतील कागदांची बासने, गाठावे लागतात. ग्रंथपालास मोडी वाचता यावी अशी कोणी अपेक्षा करीत नाही. परंतु हवा असलेला कागद आपल्या वाचनालयात नसून कोणत्या दफ्तरात असण्याचा संभव आहे, आणि तेथे काय विचारावे, हे त्याने सांगितले पाहिजे. कारण ग्रंथपालाची योग्यता त्याच्या ताब्यातील पुस्तकांच्या संख्येपेक्षा या सल्ल्याच्या अचूकपणावरून ठरते.