विद्यापीठांच्या देणग्या आणि जमाखर्चाची वही

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडाव हे गाव आहे. तेथील बालदिगंबर गणेशाचे देऊळ पंचक्रोशीबाहेरही ज्ञात आहे. देवळाचा जीर्णोद्धार, हरिनाम सप्ताह वा शाळेची गळकी खोली अशा कामांसाठी वर्गणी जमविण्याची जी रीत आपल्या गावोगाव आहे, ती थोर अर्थशास्त्र्यांनी शिकवलेली नव्हे. दोघेतिघे पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरतात, दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती फाडली जाते आणि कार्य पार पडले की चारचौघांत जमाखर्च वाचून दाखविला जातो. अकरा रुपये देणाऱ्यासही प्रश्न विचारण्याचा तितकाच हक्क असतो, आणि हिशेब न देणाऱ्याच्या हाती पुढल्या वर्षी पावतीपुस्तक राहत नाही.

कडावचा विद्यार्थी ज्या मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, ते व राज्यातील इतर विद्यापीठे आज देणग्यांकडे आशेने पाहत आहेत. शासकीय अनुदान वाढत्या गरजांना पुरत नाही. खासगी विद्यापीठांस तर ते मिळतच नाही. तेव्हा माजी विद्यार्थी, उद्योगपती आणि विश्वस्त निधी यांच्या दारी जाण्यावाचून गत्यंतर नाही, हे मान्य करावयास हवे. प्रश्न देणगी घ्यावी की नाही हा नसून, ती कोणाकडून, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या साक्षीने घ्यावी, हा आहे. गावच्या सप्ताहाला जी शिस्त लागू आहे ती विद्यापीठास लागू नसावी काय?

देणगी आणि 'डोनेशन'

मराठीत या विषयावर दोन शब्द रूढ झाले आहेत, आणि त्यांतच सारे दुखणे आहे. 'देणगी' म्हटले की दात्याचे औदार्य आठवते. 'डोनेशन' म्हटले की प्रवेशासाठी पालकाने कसाबसा जमविलेला पैसा आठवतो. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांचा मार्ग मोकळा झाला, आणि अल्पावधीतच सक्तीच्या देणग्यांचा बोभाटा इतका वाढला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीस मनाई करणारा कायदा राज्याला करावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही १९९२ च्या मोहिनी जैन प्रकरणात व २००२ च्या टी. एम. ए. पै प्रकरणात कॅपिटेशन फी त्याज्य ठरविली. कायद्याने या अपप्रकारास गुन्हा ठरविले, पण शब्दावरचा डाग पुसला गेला नाही. शिक्षणसंस्थेस पैसे दिले म्हणजे काहीतरी पदरात पाडून घेतले असणार, ही शंका आज प्रामाणिक दात्याच्याही वाट्याला येते. विद्यापीठांना निधी उभारावयाचा असेल तर प्रथम ही शंका दूर करावी लागेल, आणि ती जाहिरातींनी दूर होणार नाही.

दोन मातांची नावे

मुंबई विद्यापीठाचे वैभव मुळातच दानावर उभे आहे. १८६४ साली प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले, आणि त्यानंतर मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. आईचे नाव मनोऱ्यास मिळावे एवढीच काय ती त्यांची इच्छा होती. राजाबाई मनोऱ्याचे बांधकाम १८७८ मध्ये पूर्ण झाले. परंतु हा पैसा कोठून आला होता? अमेरिकेतील यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आणले, त्या तेजीतून आणि तिच्यावर उभारलेल्या सट्ट्यातून तो आला. १८६५ साली युद्ध संपताच ते मनोरे कोसळले. खुद्द प्रेमचंदांसह अनेक घराणी धुळीस मिळाली आणि बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. दाता लबाड होता असा याचा अर्थ नाही. पैसा दिला गेला तेव्हा शहरातील प्रतिष्ठित मंडळी त्याच बाजारात उतरलेली होती. तथापि, भरभराटीच्या दिवसांत कोणीच उगम विचारीत नाही, हा धडा त्यातून निघतो. उगम विचारावयाचा असतो तो घेण्यापूर्वी. मनोरा उभा राहिल्यावर नव्हे.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, ते अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी आणि लहानलहान वर्गण्यांच्या बळावर. आपल्या मुरूड गावासाठी त्यांनी तरुणपणीच 'मुरूड फंड' काढला होता. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण त्यांनी आयुष्यभर आचरली. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी या विद्यापीठास पंधरा लाखांचे दान जाहीर केले आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव त्यास मिळाले. त्या काळी ही रक्कम अफाट होती. परंतु सारी रक्कम एकदम हाती आली नाही. दान अटींनी बांधलेले होते आणि विद्यापीठास मिळे ते वार्षिक व्याज, बावन्न हजार पाचशे रुपये. १९२२ मध्ये विठ्ठलदास निवर्तले. पुढे त्यांच्या विश्वस्तांशी मतभेद होऊन ही रक्कमही काही काळ अडली. विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस हलले ते १९३६ मध्ये. दरम्यान सत्तरी ओलांडलेले कर्वे युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका येथे निधीसाठी फिरत होते.

या प्रकरणी दात्यास दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल. ठाकरसींच्या औदार्यावाचून ते विद्यापीठ तगले असते की नाही, याची शंकाच आहे. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. एक, दात्याचा सद्भाव त्याच्या वारसांकडे वा विश्वस्तांकडे जसाच्या तसा संक्रांत होत नाही. म्हणून अटी स्पष्ट, लेखी आणि दोन्ही पक्षांना पेलणाऱ्या असाव्यात. दुसरी, विद्यापीठाने नाव दिले, स्थान बदलले, परंतु मातृभाषेतून स्त्रियांना उच्च शिक्षण हे आपले मूळ तत्त्व दानापायी सोडून दिले नाही. नाव देणे हा सौदा नव्हे, ती कृतज्ञता आहे. अभ्यासक्रम, नेमणुका वा प्रवेश देणे हा मात्र सौदाच होय.

पाहुणा दाता, घरचा अपमान

सौदा झाल्यास काय होते हे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने दाखवून दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथून डी.एस्सी. मिळविली, त्या संस्थेने लिबियाच्या हुकूमशहाचे पुत्र सैफ अल्-इस्लाम गडाफी यांना २००८ मध्ये डॉक्टरेट दिली, आणि पाठोपाठ त्यांच्या अध्यक्षतेखालील प्रतिष्ठानाकडून पंधरा लाख पौंडांची देणगी स्वीकारण्याचे ठरविले. त्यांतले तीन लाख पौंड प्रत्यक्ष हाती आले होते. २०११ मध्ये लिबियात जनतेवर गोळ्या झडू लागल्या आणि संस्थेचे संचालक हॉवर्ड डेव्हिस यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतरच्या वुल्फ चौकशीत देणगीच्या उगमाची छाननी अपुरी होती आणि निर्णयप्रक्रियाच ढिसाळ होती, असे आढळून आले. तीन लाख पौंडांसाठी शतकभराच्या कीर्तीस बट्टा लागला, हा व्यवहार कोणत्या हिशेबाने परवडणारा होता?

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे, पण निश्चिंत राहण्याजोगी नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करणे भाग पाडले; शिक्षण हा त्यातील एक मान्य विषय आहे. हा पैसा स्वागतार्ह आहे. परंतु २०२१ पासूनच्या नियमांनुसार एखाद्या संस्थेच्या कायमनिधीस दिलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. परिणामी पैसा येतो तो ठरावीक मुदतीत संपवावयाच्या, फीत कापता येईल अशा प्रकल्पासाठी. इमारत उभी राहते, संगणक येतात. ग्रंथपालाचा पगार, प्रयोगशाळेची देखभाल आणि शिष्यवृत्तीचे व्याज यांना मात्र कोणी वाली राहत नाही. कडाव परिसरातील कातकरी वा ठाकर घरातला पहिलाच पदवीधर होऊ पाहणारा मुलगा वातानुकूलित सभागृहाअभावी अडत नाही. तो अडतो बसच्या पासासाठी, पुस्तकासाठी, परीक्षेच्या शुल्कासाठी. दात्याची हौस आणि विद्यार्थ्याची निकड यांत अंतर पडले, तर ते भरून काढणे हे विद्यापीठाचे काम आहे. दात्यास योग्य गरज सांगण्याचे, आणि प्रसंगी नम्रपणे नकार देण्याचेही धैर्य त्याच्यापाशी हवे.

काय करावयास हवे

पहिली गोष्ट, प्रत्येक विद्यापीठाने देणगीविषयक धोरण लेखी करून जाहीर करावे. ठरावीक रकमेवरील देणगी कुलगुरूंच्या मर्जीवर न सोडता, बाहेरील निःस्पृह व्यक्तींचा समावेश असलेल्या समितीने तिचा उगम तपासावा आणि मगच ती स्वीकारावी. दुसरी गोष्ट, दाता, रक्कम, अटी आणि खर्च यांची नोंदवही दरवर्षी प्रसिद्ध करावी. ज्यास अट उघड होणे नको असेल, त्याची ती अट मान्य करण्याजोगी नसते, असे खुशाल समजावे. अनाम राहू इच्छिणाऱ्या विनम्र दात्याचे नाव वगळता येईल, त्याची अट नव्हे. तिसरी, दात्याच्या वा त्याच्या आप्तांच्या प्रवेशाचा, पदवीचा किंवा कंत्राटाचा प्रश्न विद्यापीठापुढे असेल तोवर त्याच्याकडून काहीही घेऊ नये. चौथी, कायमनिधीस हात लावू नये. आणि महागाईने ज्या जुन्या पारितोषिकांचे व्याज हारतुऱ्यापुरतेही उरलेले नाही, ती दात्यांची नावे राखून एकत्र करण्याची सोय असावी.

पाचवी गोष्ट लहान दात्यांविषयीची. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि मूठमूठ धान्यावर वसतिगृहे चालविली. याच कर्जत तालुक्यात भाई कोतवालांनी शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या, खेड्यापाड्यांत शाळा चालविल्या, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर देह ठेवला. ज्या मुलुखाने अशी माणसे पाहिली, तेथे दान म्हणजे धनिकाची मेहेरबानी, ही समजूत रुजण्याचे कारण नाही. शंभर रुपये देणाऱ्या माजी विद्यार्थ्यालाही वार्षिक हिशेब धाडणारे विद्यापीठ पुढल्या वर्षी त्याच्याकडून दोनशेची अपेक्षा करू शकेल.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. व्यवस्थापन परिषदांनी मनावर घेतल्यास येत्या आर्थिक वर्षापासूनही हे अमलात आणता येईल. शासनाकडे अनुदान मागण्याचा विद्यापीठांचा हक्क अबाधित आहेच. देणग्या वाढल्या म्हणून तो सोडून देऊ नये. परंतु जनतेकडे हात पसरताना वही उघडी ठेवण्याचे कर्तव्य त्याहून आधीचे आहे.