वजन : दहाची दोन नाणी

दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर घ्या. साधारण साडेपंधरा ग्रॅम भरतात. एवढ्याच वजनात एक अख्खं विमान बसवायचं आहे. त्यात पंख, शेपटी, मोटर, बॅटरी, सुकाणू आणि रेडिओसुद्धा आला. हा रेडिओ हेरायचा तो जत्रेत, पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास मिळणाऱ्या रिमोटच्या मोटारगाडीत.

या खटपटीला खरी चालना दिली ती एका जपानी खेळण्याने. २००१ साली टोमी कंपनीने ‘बिट चार-जी’ नावाच्या इवल्याशा रिमोट गाड्या बाजारात आणल्या. त्या आगपेटीशेजारी ठेवल्या तर शोभाव्यात एवढ्या होत्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रेडिओशॅकने ‘झिपझॅप्स’ काढल्या. मुलांनी गाड्या पळवल्या. विमानांच्या मॉडेलचा नाद असलेल्या मोठ्यांनी त्या खोलल्या. आत नखाएवढं सर्किट, चिमुकली मोटर आणि चाकं वळवायला तांब्याच्या तारेचं वेटोळं व एक चुंबक. ग्रॅम-ग्रॅम वाचवण्यासाठी झगडणाऱ्या माणसांना हवा तो ऐवज कुणीतरी आयताच एका खेळण्यात भरून ठेवला होता.

आपल्याकडच्या खेळण्यांच्या दुकानात मिळते ती गाडी मात्र बहुतेक वेळा मोठी असते, आणि तिथे नवशिक्याचा पहिला हिरमोड होतो. तिच्यातली ‘१३०’ मापाची मोटर एकटीच सतरा-अठरा ग्रॅमची, म्हणजे आपल्या सबंध विमानापेक्षा जड. पेन्सिल सेल अल्कलाइन असेल तर एकेक तेवीस ग्रॅमचा, आणि गाडीत तीन-चार तरी लागतात. गाडीला याची फिकीर नसते. तिचं वजन जमीन फुकटात तोलून धरते. विमानाला मात्र प्रत्येक ग्रॅमचं भाडं हवेला सतत मोजावं लागतं. म्हणून मोठ्या गाडीतून घ्यायची ती फक्त सर्किटची पट्टी. मोटर शोधायची ती मोडक्या खेळण्यातल्या ड्रोनमधली सात मिलिमीटर व्यासाची, सुमारे तीन ग्रॅमची. लिथियम पॉलिमरची एक बॅटरी, १०० मिलिअँपिअर-तासांची, तीही जेमतेम तीन ग्रॅमची.

त्या पट्टीवर एक चिप असते. स्वस्त गाड्यांत वर्षानुवर्षं ‘टीएक्स-२’ आणि ‘आरएक्स-२’ ही जोडगोळी वापरली गेली, एक रिमोटमध्ये आणि दुसरी गाडीत. त्यांची बोली मजेशीर आहे. बटण दाबलं की रिमोट आधी चार लांब ठोके पाठवतो आणि मागोमाग ठरावीक संख्येचे आखूड ठोके. १० ठोके म्हणजे पुढे, ४० म्हणजे मागे, ५८ म्हणजे डावीकडे, ६४ म्हणजे उजवीकडे. गाडीतली चिप फक्त मोजते. आपण चाकांना हुकूम देतोय की पंख्याला, याचा तिला पत्ताच नसतो. तेव्हा ‘पुढे’च्या तारा पंख्याच्या मोटरला जोडायच्या आणि ‘डावी-उजवी’च्या तारा शेपटीवरच्या वेटोळ्याला. वेटोळ्यात वीज एका दिशेने वाहिली की मधलं चुंबक एकीकडे कलतं, उलट वाहिली की दुसरीकडे. त्याला चिकटवलेलं सुकाणू बरोबर वळतं. बारीक इनॅमल तारेचे काही शे वेढे आणि मसुरीएवढं निओडिमियमचं चुंबक, बस.

पण इथे एक अडचण आहे. मोटर एक तर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. सुकाणू एक तर पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे किंवा मधे. नाक वर-खाली करायची सोय नाही, पंख कलवायची तर नाहीच. इतक्या अडाणी हुकमांवर विमान उडेल कसं?

याचं उत्तर रेडिओच्या जन्माआधीचं आहे. १८७१ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या तुइलेरी बागेत आल्फाँस पेनो या तरुणाने रबरी दोऱ्याला पीळ देऊन चालवलेलं एक मॉडेल उडवलं. पंखांचा विस्तार ४५ सेंटिमीटर, वजन १६ ग्रॅम. अकरा सेकंदांत ते सुमारे ४० मीटर गेलं, आणि मुख्य म्हणजे हवेत कुणीही न सावरता सरळ गेलं. पेनोने पंखांची टोकं वर उचलली होती आणि शेपटी पंखापेक्षा किंचित कमी कोनात बसवली होती. नाक खाली गेलं की वेग वाढतो, वेग वाढला की तीच शेपटी मागून खाली दाबते आणि नाक वर येतं. नाक फार वर गेलं तर वेग घटतो आणि ते आपोआप उतरतं. पेनोच्याच घडणीवर बेतलेलं एक उडतं खेळणं १८७८ मध्ये मिल्टन राइट यांनी आपल्या दोन मुलांसाठी घरी आणलं होतं. त्या मुलांची नावं विल्बर आणि ऑर्व्हिल.

गाडीच्या चिपचं नशीब पेनोने सव्वाशे वर्षं आधी लिहून ठेवलं म्हणायचं. वर उचललेली टोकं वळण्याचंही काम करतात. सुकाणू डावीकडे गेलं की नाक डावीकडे वळतं, हवा उजव्या बाजूने येऊ लागते, वर झुकलेल्या उजव्या पंखाला ती जास्त कोनात भिडते आणि तो पंख उचलला जातो. विमान डावीकडे कलून वळतं. चढणं-उतरणंही असंच. मोटर चालू ठेवली तर चढाव, बंद केली तर घसरगुंडी, आणि बटण थांबत-थांबत दाबलं तर जवळपास सरळ उड्डाण.

वेगाचा हिशेब कागदावर मांडता येतो. तीस सेंटिमीटर लांब आणि आठ सेंटिमीटर रुंद पंख, पंधरा ग्रॅम वजन. उचल देणाऱ्या हवेचं गणित केलं तर वेग येतो सेकंदाला पावणेचार मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी चौदा किलोमीटर. निवांत चाललेली सायकलच. पंखाच्या दर चौरस मीटरवर भार सहाशे-सव्वासहाशे ग्रॅमचा. पूर्ण भरलेल्या बोइंग ७४७-४०० वर तोच भार सातशे किलोच्या पुढे. एवढ्या लहान आणि संथ पंखाला हवा काहीशी घट्ट भासते, म्हणून मोठ्या विमानासारखा जाडजूड पंख इथे कुचकामी ठरतो. दोन मिलिमीटरची पातळ पट्टी किंचित वाकवली की ती अधिक चांगलं काम करते.

ही पट्टी थर्माकोलची. पूर्वी पंगतीतल्या थाळ्या कापल्या की भागायचं. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांच्यावर बंदी आहे, हे बरंच झालं. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतला थर्माकोल तापलेल्या तारेने कापून घेता येतो. एक खबरदारी, ती प्रत्येक जण एकदा चुकूनच शिकतो : झटपट चिकटणारा साधा गोंद थर्माकोल खाऊन टाकतो.

दुसरी मर्यादा लहरींची. या गाड्या बहुधा २७ मेगाहर्ट्झवर चालतात. त्या लहरीची लांबी अकरा मीटर, म्हणजे नेमस्त अँटेना तिच्या पावपट, पावणेतीन मीटरची हवी. विमानामागे लोंबते ती वीतभर तार. म्हणून पल्ला दहा-पंधरा मीटरचाच, आणि म्हणून हे विमान मैदानापेक्षा शाळेच्या बंद सभागृहात शोभतं. वारा ताशी चौदा किलोमीटरचा असेल तर ते जागच्या जागी तरंगत राहील.

खेळणं उघडून त्यातून शिकायची वाट अरविंद गुप्ता यांनी पुण्यात, आयुका या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, मुलांना दाखवलीच आहे. हे विमान त्याच वाटेवरचं, फक्त तारांना डाग देणारा हात थोडा सरावलेला हवा. लिथियमची बॅटरी फुगली असेल तर ती वापरू नये, आणि चार्जिंगला लावून घराबाहेर जाऊ नये. पंख्याविना, हातातून अलगद सोडून घसरगुंडी नीट जमली की मगच मोटर जोडावी. आणि गाडी खोलायचीच तर स्वतःची खोलावी, धाकट्या भावाची नव्हे.