कळ कुणाच्या हाती?

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२०. सकाळचे दहा वाजून गेले होते. डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला. उठून गॅलरीत गेलो, तर समोरच्या इमारतीतही तीच गत. पाच मिनिटांत ठाण्याहून पुतण्याचा फोन आला, त्यापाठोपाठ दादरहून बहिणीचा. लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची वीज एकदम गेली होती. "काका, हे झालं काय?" पुतण्या विचारत होता. एकतीस वर्षे उपकेंद्रांत काढलेल्या माणसाकडे याचे उत्तर असायला हवे होते. पण मला ते देता आले नाही.

पुढे मार्च २०२१ मध्ये या घटनेला वेगळेच वळण लागले. भारताच्या वीज क्षेत्रातील संगणकांत चीनशी संबंधित हॅकरांनी शिरकाव केल्याचा अहवाल एका अमेरिकी कंपनीने प्रसिद्ध केला. राज्याच्या गृहमंत्र्यांनी मुंबईच्या अंधारामागे घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र ती मानवी चूक असल्याचे सांगितले. कोण बरोबर, हा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. पण दूरवर बसलेला माणूस संगणकाच्या आधारे आपली वीज घालवू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर आज कुणालाही ठामपणे देता येते. होय, घालवू शकतो. युक्रेनमध्ये ते घडले आहे.

२३ डिसेंबर २०१५. पश्चिम युक्रेनमधील इव्हानो-फ्रँकिव्स्क भागातल्या वीज वितरण कंपनीचे नियंत्रण कक्ष. दुपारी साडेतीनच्या सुमारास तिथल्या ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला. त्याने माऊसला हातही लावला नव्हता. बाण एकेका ब्रेकरपाशी जाई आणि तो उघडे. म्हणजे तेवढ्या भागाची वीज बंद. त्याच दिवशी आणखी दोन कंपन्यांवर असाच घाला पडला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले.

हे काम एका दिवसाचे नव्हते. कित्येक महिने आधी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना साधी वाटणारी ई-पत्रे आली होती. सोबतची फाइल कुणीतरी उघडली आणि चोर घरात शिरला. मग त्याने घाई केली नाही. कार्यालयाच्या संगणकांतून हिंडत त्याने पासवर्ड मिळवले, दूरवरून यंत्रणा चालवण्याची वाट शोधली. ऐन वेळी तर त्याने कमालच केली. नियंत्रण कक्षाला आधार देणारी बॅटरीची वीज तोडली, उपकेंद्राकडे आज्ञा पोहोचवणारी उपकरणे निकामी केली, संगणकांतली माहिती पुसून टाकली आणि तक्रार केंद्राच्या फोनवर खोट्या कॉलचा मारा केला. २०२० मध्ये अमेरिकेने या प्रकरणी रशियाच्या लष्करी गुप्तचर संघटनेतील सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले.

एवढे होऊनही काही तासांत वीज परत आली. ती संगणकांनी आणली नाही. माणसे गाडीत बसून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर बंद केले. युक्रेनची यंत्रणा जुनी होती. हाताने काम करायची सवय तिथल्या माणसांची मोडली नव्हती. ज्या जुनेपणाला आपण मागासलेपण म्हणतो, त्यानेच त्या दिवशी लाज राखली. हे वाचले तेव्हा मला माझी एक सही आठवली.

निवृत्तीच्या दोन वर्षे आधी एका लहान उपकेंद्रातून पाळीचे ऑपरेटर काढून घ्यावेत, तिथले काम दूरनियंत्रणाने करावे, असे टिपण माझ्यापुढे आले. मीच त्यावर अनुकूल शेरा मारला. तेव्हा त्यात मला काही गैर वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर आजही पूर्णपणे गैर वाटत नाही. पुतण्या स्वतः इंजिनिअर आहे. तो म्हणतो, "काका, रात्री दोन वाजता पावसात माणूस धाडण्यापेक्षा एका क्लिकवर फीडर चालू होतो, ते वाईट कसं?" त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही. विजेची मागणी वाढली, ग्राहक वाढले, सौर आणि पवन ऊर्जेची चढउतार सांभाळायची आहे. संगणकाशिवाय हा गाडा चालणार नाही.

माझी चूक निराळी होती. माणूस काढला, तेव्हा त्याच्याबरोबर काय जाणार आहे, याचा विचार मी केला नाही. कोणता आयसोलेटर अडकतो, कोणत्या पॅनेलचा दिवा खोटा लागतो, फोन बंद पडला तर कोणत्या क्रमाने लाइन चार्ज करायची, हे कोणत्याही फाइलीत नव्हते. ते त्या ऑपरेटरच्या डोक्यात होते.

शत्रूही थांबलेला नाही. १७ डिसेंबर २०१६ रोजी किएव्ह शहराच्या एका भागाची वीज सुमारे तासभर गेली. त्या वेळी बाण हलवणारा माणूसही लागला नाही. उपकरणांची भाषा थेट बोलणारा प्रोग्रॅमच ब्रेकर उघडत गेला.

आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीज क्षेत्राच्या संगणक सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यालयाचे संगणक आणि यंत्रणा चालवणारे संगणक वेगळे ठेवा, उपकरणे खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या, जबाबदार अधिकारी नेमा, असे त्यांत आहे. हे हवेच. पण कुलूप कितीही भक्कम असले, तरी कधीतरी ते तुटेल असे धरून चालणे हे शहाण्याचे लक्षण. म्हणून माझी एक साधी सूचना आहे. वर्षातून एकदा तरी प्रत्येक महत्त्वाच्या उपकेंद्रावर, संगणक बंद आहे असे समजून, तरुण इंजिनिअरांनी स्वतःच्या हाताने काम करून पाहावे. निवृत्त ऑपरेटरांना बोलवावे. आम्ही चहावरही येऊ.

ब्रेकरची स्प्रिंग हाताने ताणण्यासाठी एक लोखंडी हँडल असते. आमच्या उपकेंद्रात ते पॅनेलशेजारी खिळ्याला टांगलेले असे. माझी सही झालेल्या त्या उपकेंद्रात ते आज आहे का, हे मी पुतण्याला चौकशी करायला सांगितले आहे. अजून त्याचा फोन आलेला नाही.