आकाशातले दाणे

आजोबांच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून घेतलेल्या मंडळींची माझ्याकडे येते ती तक्रार बहुधा एकच: "फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतोय." अल्बममधल्या त्याच फोटोवर मात्र तो दिसत नाही.

फिल्मला दाणे असतातच. कृष्णधवल निगेटिव्हवरची प्रतिमा म्हणजे चांदीच्या सूक्ष्म कणांचे पुंजके. ४०० आयएसओच्या ट्राय-एक्सवर ते ठळक, १०० च्या फिल्मवर बारीक. पण स्कॅनमध्ये दिसणारे सगळेच दाणे फिल्मचे नसतात.

फोटोतलं आकाश बघा. कागदावर पांढरं, म्हणजे निगेटिव्हवर सगळ्यांत काळं. चांदी तिथेच दाट. एकाच दिशेने येणारा प्रकाश या चांदीवर विखुरतो आणि पुंजके कडक उठून दिसतात. हा कॅलियर परिणाम. डार्करूममध्ये हात भिजवलेल्यांना तो ठाऊक आहे: कंडेन्सरच्या एन्लार्जरवर दाणे टोचायचे, डिफ्यूजरच्या एन्लार्जरवर तीच निगेटिव्ह मऊ उतरायची. म्हणून डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्ह उतरवत असाल, तर एलईडीवर दुधी ॲक्रिलिक हवंच.

दुसरं कारण रिझोल्यूशनचं. २४००-२७०० डीपीआयच्या आसपास स्कॅनरचे पिक्सेल आणि फिल्मचे पुंजके यांचा मेळ बसत नाही, आणि दाणे असतात त्याहून मोठे भासतात. फिल्म स्कॅनर असेल तर ४००० डीपीआयवर स्कॅन करून मग आकार निम्मा करा. चार पिक्सेलांची सरासरी एकात येते, दाणे निवतात. फ्लॅटबेडच्या खोक्यावर छापलेला आकडा मात्र खरा धरू नका. प्रत्यक्षात तपशील त्याहून बराच कमी मिळतो.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग आधी बंद करा. सगळ्यांत जास्त नासाडी तेच करतं. धूळ पुसणारी इन्फ्रारेड सोयही बंदच ठेवा: चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे यंत्र चित्रालाच धूळ समजतं आणि बारकावे पुसून टाकतं. इल्फर्डच्या एक्सपी२ सारख्या फिल्मवर ती चालते, कारण तिथे अंतिम प्रतिमा रंगद्रव्याची असते.

उरलेले दाणे राहू द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. नॉइज रिडक्शन जरा जास्त झालं की आजीच्या गालावरच्या सुरकुत्याही जातात, आणि त्या परत आणता येत नाहीत.

स्कॅन बाहेरून करून घेणार असाल, तर १६ बिटची, शार्पनिंग न केलेली टिफ फाइल मागून घ्या. आणि स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह टाकून देऊ नका.