ग्रॅव्हल बाईकला रिम ब्रेक घेताय? आधी फोर्क बघा, मग शॉपिंग अ‍ॅप उघडा

मागच्या वर्षी मी एक जुनी स्टीलची ग्रॅव्हल बाईक सेकंड हँड घेतली. ड्रॉप हँडल, 38 मिमीचे टायर आणि रिम ब्रेक. पुढचा ब्रेक पार झिजला होता, म्हणून ऑनलाइन व्ही-ब्रेकचा एक सेट मागवला. रेटिंग चांगलं, किंमत परवडणारी, आणि बोल्टही अगदी बरोबर बसले. सोसायटीच्या रस्त्यावर ब्रेक मस्त लागत होता. मग रविवारी सिंहगडाला गेलो. उतरताना एका वळणावर लिव्हर जोरात दाबला, तर तो सरळ हँडललाच टेकला! सायकल काही हळू होईना. मागच्या ब्रेकवर कशीबशी थांबवली आणि उरलेला घाट सायकल हातात धरून चालत उतरलो.

ब्रेकमध्ये काहीच बिघाड नव्हता. फक्त तो माझ्या लिव्हरशी जुळणारा नव्हता. आणि हे कुठल्याही अ‍ॅपच्या फिल्टरमध्ये दिसत नाही. म्हणून आज आपण बघूया, फोर्कला (गल्लीतले मेकॅनिक याला चिमटा म्हणतात) कोणता रिम ब्रेक चालेल हे कसं ठरवायचं. चार प्रश्न आहेत. क्रम बदलू नका.

प्रश्न 1: फोर्कवर ब्रेक बसवायची जागा आहे का?

फोनचा टॉर्च लावा आणि फोर्क नीट बघा. तीन शक्यता आहेत.

पहिली: फोर्कच्या दोन्ही पायांवर, रिमच्या थोडं खाली, पुढे आलेले दोन छोटे खुंट दिसतात. इथे कँटिलिव्हर, व्ही-ब्रेक किंवा मिनी-व्ही बसतो.

दुसरी: खुंट नाहीत, पण फोर्कच्या माथ्यावर, चाकाच्या बरोबर वर, मधोमध आरपार भोक आहे. इथे कॅलिपर ब्रेक बसतो, म्हणजे रोड बाईकला असतो तो, एकाच बोल्टवरचा.

तिसरी: खुंट नाहीत, आणि डाव्या पायावर खाली डिस्क ब्रेकचा कॅलिपर बसवायची जागा आहे. आजच्या बहुतेक ग्रॅव्हल बाईक अशाच येतात. इथे रिम ब्रेकचा विचार सोडून द्या. काही डिस्क फोर्कच्या माथ्यावरही भोक असतं, पण ते मडगार्डसाठी असतं. ब्रेकचा जोर सहन करायला ते बनवलेलं नसतं. त्यात कॅलिपर बसवणं किंवा कार्बनच्या फोर्कला नवं भोक पाडणं, दोन्ही जीवावर बेतू शकतं.

प्रश्न 2: ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोहोचतात का?

आधी चाकाचा साइज बघा. 700सी रिमचा टायर बसतो तिथला व्यास 622 मिमी असतो, 650बी चा 584 मिमी. फरक 38 मिमीचा, म्हणजे केंद्रापासून मोजलं तर 19 मिमी. 700सी साठी बनलेल्या फोर्कमध्ये 650बी चं चाक घातलं, तर नेहमीच्या ब्रेकचे रबर इतके खाली सरकतच नाहीत. ते रिमऐवजी टायरला घासतात, आणि टायर फाटायला वेळ लागत नाही. डिस्क ब्रेकवाले चाक बदलून मोठा टायर घालतात, पण रिम ब्रेकवर ती मजा नाही.

रिमच्या कडेला रबर घासण्यासाठी सपाट पट्टी आहे ना, हेही बघा. डिस्कसाठी बनलेल्या रिमला ती नसते.

कॅलिपर घेणार असाल तर एक माप घ्यावंच लागेल. चाक लावलेलं असू द्या. माथ्यावरच्या भोकाच्या मध्यापासून सरळ खाली, रिमच्या त्या पट्टीच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. याला रीच म्हणतात. 39 ते 49 मिमी आलं तर शॉर्ट रीच, 47 ते 57 आलं तर मीडियम रीच, त्याहून जास्त आलं तर लाँग रीच कॅलिपर लागेल. पट्टी लावलेला फोटो काढून ठेवा. दुकानदाराला तो दाखवला की अर्धी चर्चा वाचते.

प्रश्न 3: टायरला जागा उरते का?

कॅलिपर टायरच्या वरून कमानीसारखा जातो, म्हणून रुंद टायरला अडतो. शॉर्ट रीच साधारण 28 मिमीच्या टायरपर्यंतच ठीक. मीडियम रीचमध्ये 32 च्या आसपास. 38-40 मिमीचा जाड ग्रॅव्हल टायर, त्यात पावसाळ्यातला चिखल, म्हटल्यावर कॅलिपर बहुतेक वेळा बाद.

खुंटांवरचे ब्रेक इथे जिंकतात, कारण त्यांचे हात टायरच्या दोन बाजूंना उभे राहतात. त्यातही कँटिलिव्हरला सगळ्यात जास्त मोकळी जागा मिळते. चिखलातल्या सायक्लोक्रॉस शर्यतींमध्ये वर्षानुवर्षे हेच ब्रेक होते. जागतिक सायकलिंग संघटनेने तिथे डिस्कला परवानगी दिली ती 2010 मध्ये.

प्रश्न 4: लिव्हर किती वायर ओढतो?

माझी विकेट इथेच पडली. लिव्हर दाबला की तो ठरावीक लांबीची वायर ओढतो. ड्रॉप हँडलचे लिव्हर कमी वायर ओढतात. व्ही-ब्रेक मात्र माउंटन बाईकच्या सरळ हँडलसाठी बनला. शिमानोने तो 1996 मध्ये आणला. त्याचे हात लांब, 100 मिमीच्या वर, त्यामुळे त्याला जवळपास दुप्पट वायर ओढणारा लिव्हर लागतो.

ड्रॉप लिव्हरला व्ही-ब्रेक जोडला की रबर रिमच्या अगदी जवळ ठेवावे लागतात, तेव्हाच ते टेकतात. दुकानात, सपाट रस्त्यावर सगळं छान वाटतं. पण नवी वायर थोडी सैल झाली, रबर जरासे झिजले, आणि घाटात जोर लावला, की लिव्हरची चाल संपते आणि तो हँडलला टेकतो. उलटी जोडीही चुकीची: व्ही-ब्रेकचा लिव्हर आणि कॅलिपर किंवा कँटिलिव्हर. तिथे लिव्हर दगडासारखा कडक लागतो, पण सायकल थांबत नाही.

मग जोड्या अशा लावा:

- ड्रॉप हँडल + माथ्यावर भोक: रीच मोजून कॅलिपर.
- ड्रॉप हँडल + खुंट: कँटिलिव्हर किंवा मिनी-व्ही.
- सरळ हँडल, व्ही-ब्रेकचे लिव्हर + खुंट: नेहमीचा व्ही-ब्रेक.

मिनी-व्ही म्हणजे व्ही-ब्रेकचा धाकटा भाऊ. हात साधारण 80 ते 90 मिमीचे, म्हणून ड्रॉप लिव्हरशी जमतं. ताकद चांगली, बसवायला सोपा. पण हात आखूड असल्याने वायर टायरच्या अगदी जवळून जाते. टायर 35 मिमीच्या पुढचा असेल किंवा मडगार्ड लावायचं असेल, तर मोजल्याशिवाय घेऊ नका.

मी शेवटी काय घेतलं?

38 मिमीच्या टायरमुळे मिनी-व्ही बाद झाला आणि मी कँटिलिव्हर घेतला. तो जुळवायला वेळ लागतो, हे खरं. त्याला वरून वायर धरणारा एक हँगरही लागतो. हा हँगर हँडलजवळ असला तर ब्रेक लावताना कधीकधी फोर्क थरथरतो. माथ्यावरच्या भोकात बसणारा हँगर लावला की ती थरथर बरीच कमी होते. आणि एक काळजी घ्या: मुख्य वायर तुटली तर दोन हातांमधली आडवी वायर टायरवर पडून चाक जागीच अडकू शकतं. पुढचं मडगार्ड किंवा रिफ्लेक्टरची पट्टी असेल तर ती वायर तिथेच अडते, म्हणून ती काढून टाकू नका.

बसवल्यावर ही टेस्ट कराच

1. उभ्या सायकलवर लिव्हर पूर्ण ताकदीने दाबा. लिव्हर आणि हँडलमध्ये किमान एक बोट जागा उरायला हवी.
2. रबर पूर्णपणे रिमवर टेकतात का बघा. टायरला जरासाही स्पर्श नको.
3. ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक फिरता कामा नये.
4. आधी सपाट रस्ता, मग छोटा उतार. आठवड्याने वायर पुन्हा ताणून घ्या.
5. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. पावसात आधीपासूनच हलका ब्रेक धरा.

चारपैकी एका प्रश्नाचं उत्तर जरी "नाही" आलं, तर ऑर्डर करू नका. लिव्हर बदलता येतो, टायर बदलता येतो, जुन्या सायकलचा फोर्कही बदलता येतो. मी तो पहिला व्ही-ब्रेक फेकला नाही. धाकट्या भावाच्या सरळ हँडलच्या सायकलला लावला, आणि तिथे तो आजही झकास चालतो. त्याच सिंहगडाच्या उतारावर.