तीन मीटरांचा पाया

घनफळाची उदाहरणे सोडविताना, हे हिशेब पुढे कोणाच्या उपयोगी पडणार, असा प्रश्न आमच्या मनात नेहमी येत असे. त्याचे उत्तर आम्हांस हळर्णातच मिळाले. आमच्या वाड्यावरील एका घरी पाण्याच्या टाकीसाठी काँक्रीटचा पाया घालावयाचा होता. पाया तीन मीटर लांब. परंतु दोन मीटरांपाशीच माल संपला! तोवर सांज झाली होती. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी घातला गेला. पण घट्ट झालेल्या काँक्रीटशी नवे काँक्रीट एकजीव होत नाही. पावसाळ्यात नेमकी त्याच सांध्यावर भेग पडली. दोष गवंड्याच्या हाताचा नव्हता, हिशेबाचा होता. तो कसा घडला, ते पाहू.

पायाची लांबी ३ मीटर, रुंदी २ मीटर व जाडी १० सेंटिमीटर. म्हणून घनफळ ३ × २ × ०.१० = ०.६ घनमीटर. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी, असे मिश्रणाचे प्रमाण ठरले होते. भाग एकूण सात. ०.६ ला ७ ने भागून सिमेंट काढले, ते १२३ किलो, म्हणजे सुमारे अडीच पोती भरले. वाळू व खडीही त्याच बेताने आणली. भागाकार बिनचूक, उत्तर मात्र चुकीचे!

याचे कारण घरच्या घरी तपासता येते. बादलीभर खडी घेऊन तीत पाणी ओतावे. बादली भरलेली दिसत असूनही बरेच पाणी आत मावते. कारण खड्यांमध्ये फटी असतात. काँक्रीट कालविताना या फटींत वाळू शिरते आणि वाळूच्या कणांमधील फटींत सिमेंट. त्यामुळे सुटा माल एकत्र कालवून ठोकून बसविला की त्याचे आकारमान घटते. एक घनमीटर काँक्रीटसाठी सुमारे १.५४ घनमीटर सुका माल धरण्याची रीत आहे, ती यासाठीच.

आता हिशेब पुन्हा मांडू. ०.६ × १.५४ = ०.९२४ घनमीटर. त्याचा सातवा भाग ०.१३२ घनमीटर सिमेंट. एक घनमीटर सिमेंटचे वजन १४४० किलो धरल्यास हे १९० किलो होते. सांडलवंडीसाठी शेकडा ५ वाढवून २०० किलो, म्हणजे ५० किलोंची बरोबर ४ पोती. त्याच रीतीने वाळू सुमारे ०.२८ व खडी ०.५५ घनमीटर. पाणी दर पोत्यास २५ ते २७ लिटर. अधिक पाण्याने मिश्रण सहज पसरते, पण काँक्रीट दुबळे होते.

काही गोष्टी मात्र केवळ सूत्रात सापडत नाहीत. जमीन नीट चोपून सपाट केली नाही आणि जाडी एकाच सेंटिमीटरने वाढली, तरी मालाचा दहावा भाग अधिक लागतो. दमट वाळू फुगते. म्हणून घमेल्याने मोजताना ती थोडी अधिक घ्यावी. खडी काळ्या दगडाचीच हवी. इ. स. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी सावंतवाडीच्या भोसल्यांकडून घेतलेला आपला हळर्णचा किल्ला जांभ्याचा आहे. भिंतीसाठी हा दगड उत्तम, परंतु तो सच्छिद्र व मऊ असल्याने त्याची खडी काँक्रीटला चालत नाही. आणि पाया घातल्यावर निदान सात दिवस तो ओला ठेवावा.

माल कमी पडला तर पाया भंगतो, हे आम्ही पाहिले. फार आणला तर उरलेले सिमेंट आपल्या दमट हवेत दगड होऊन बसते. वाळू तर नदीच्या पोटातून येते. ती बेसुमार काढल्याने काठ ढासळतात, हे शापोऱ्याकाठी राहणाऱ्या आपणांस कोणी सांगावयास नको. गरजेपुरतीच वाळू मागविणे ही घराची काटकसर आहे, तशीच नदीची राखणही आहे. यापुढे घरी बांधकाम निघाले, तर दुकानात जाण्यापूर्वी मोजपट्टी व वही घेऊन वडिलधाऱ्यांजवळ बसावे. वर्गात शिकलेले घनफळ त्या दिवशी खरे उपयोगी पडेल.